पान एकशे बारावरची बाई

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पहिल्या वर्षाच्या मानसशास्त्राला कुठलं पुस्तक लावायचं, ते पुढच्या शनिवारी ठरणार. दोनच उरलीत. एक चांगलं आणि एक आमच्या विभागप्रमुखांनी लिहिलेलं. त्यात मेंदूची आकृती एक आणि साहेबांचे फोटो चार! पण मला नोकरीत कायम करायचा कागद त्यांच्याच टेबलावर आहे, म्हणून मी मान डोलावणार. नावं ठेवू नकोस. मला तर चाळतानाच झोप आली. पुस्तक सोबत पाठवतेय. शिवणाचं मशीन थांबवून चार पानं वाच आणि अगदीच वाईट नाही म्हण. तेवढाच आधार.

लोभ आहे, तो माझी भित्री मान पाहूनही राहू दे.

तुझी धाकटी

९ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

वाचलं. भूक लागली हे सांगायला तुझ्या साहेबांना दीड पान लागतं. माझ्या दुकानात असते, तर सदऱ्याला तिसरी बाही लावून तिला सिद्धान्त म्हणाले असते.

पान एकशे बारा तू वाचलेलं दिसत नाही. तिथे शिवणकाम करणारी एक विधवा आहे. नवरा गेल्यावर दोन वर्षं ती रोज दुसरं ताट वाढून झाकून ठेवते. निदान काय, तर तिला मृत्यू मान्यच नाही! स्टाफरूममध्ये चहा पिता पिता तूच सांगितलं असणार. दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?

अगं शहाणे, हे गेले ते मला त्याच दिवशी कळलं. डोळे मीच मिटले. ताट तुझं होतं. माझ्याकडे राहून शिकत होतीस, वाचनालयातून कधी सहाला यायचीस, कधी नऊला. रोज ते ताट रिकामं करायचीस ना? मग कुणाचं जेवत होतीस?

लोभ आहेच. तो छापायला देऊ नकोस.

तुझी ताई

१५ जून

ती. ताईस,
सा. न.

भावजींचं जेवत होते. तुझा भ्रम मोडू नये म्हणून गुपचूप जेवून ताट घासून ठेवायचे. मानसशास्त्र शिकत होते ना!

बैठकीत म्हटलं, पान एकशे बारा चूक आहे. साहेबांनी विचारलं, कोण म्हणतं. म्हटलं, ती बाई. ते हसले, म्हणाले, रुग्णाला स्वतःचं कळत नसतं. मग मी सांगितलं की ती माझी बहीण, आणि ते ताट मी जेवत होते.

तीन विरुद्ध दोन मतांनी चांगलं पुस्तक लागलं. माझ्या कागदावर साहेब आता चहाचा कप ठेवतात.

ताई, तुला न विचारता स्टाफरूममध्ये सांगितलं होतं. चुकले. रविवारी येते. या वेळी सातला म्हणजे सातला. जेवायला थांब.

तुझी धाकटी