उपास सोडल्यानंतर

नांदेड

प्रिय वीरेश,

तू बेंगळुरूला परत गेल्यापासून रोज तुला फोन लावावा वाटतं. पण "अक्का, मीटिंगमध्ये आहे" असं तू म्हणतोस आणि माझं बोलणं राहूनच जातं. म्हणून लिहायला बसले. आईला एकटं कसं ठेवायचं, म्हणून अव्वाला मी माझ्याकडे आणलंय. लातूरचं घर बंद आहे. किल्ली शेजारच्या पारूबाईंकडे ठेवलीय, त्या दारातल्या बेलाला पाणी घालतात.

तू अप्पांना शेवटचं पाहिलंस ते समाधीत बसवताना, कपाळभर विभूती लावलेले. त्याआधीचे अप्पा मी पाहिले. श्रावण लागला आणि त्यांनी अन्न सोडलं. गल्लीतल्या लोकांना वाटलं, महादेवाचा उपास. अप्पा हसून सांगायचे, "देवासाठी न्हाई, शुगरसाठी." गोळ्या बंद केल्या, फक्त पाणी. सुरुवातीला डोकं दुखलं, चिडचिड झाली, मग म्हणे भूकच मेली. राखीला मी गेले तर भर दुपारी अंगावर शाल घेऊन बसलेले. तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास. अंगठी बोटातून गळून पडू नये म्हणून तिला दोरा गुंडाळलेला. उठताना भिंत धरत होते. मी डॉक्टरांचं नाव काढलं तर शुगर मोजायचं यंत्र माझ्यापुढे धरलं, "बघ, बिनगोळीची नॉर्मल. अंग स्वतःच स्वतःला दुरुस्त करून राहिलंय." मी भांडले, रडले. ते लहान मुलासारखे खुशीत होते, रे. त्या खुशीपुढे माझं काही चाललं नाही.

पोळ्याला त्यांनी उपास सोडला. त्या दिवशी काय झालं ते तुला कुणी सांगितलेलं नाही. अव्वानं त्यांच्यापुढे आधी ज्वारीची पातळ आंबील ठेवली होती. "लई दिवस पोट रिकामं हाय, आधी हे घ्या," म्हणाली. अप्पांनी वाटी सारली. "महिनाभर तोंड बांधलं ते आंबील प्यायला का?" पुरणपोळ्या मागून घेतल्या, वर तूप, वर गुळवणी. ती "पुरे, पुरे" म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशी उरलेल्या पोळ्याही त्यांनीच संपवल्या. संध्याकाळी पाय सुजले. तिसऱ्या दिवशी सकाळी धाप लागली, बोलणं अडखळायला लागलं. मी गाडीत बसले तेव्हा ते दवाखान्यात होते, लातूरला उतरले तेव्हा नव्हते.

मी डॉक्टरांना विचारलं, उपासानं गेले की जेवणानं? ते म्हणाले, दोन्ही एकच समजा. उपाशी शरीर आधी साठवलेली साखर वापरतं, मग चरबी जाळतं, मग स्वतःचं मांसही. तेवढ्या काळात आतले क्षार झिजत जातात. माणूस हिंडतो, बोलतो, त्याला वाटतं सगळं ठीक आहे. मग एकदम गोडधोड, भरपूर पोटात गेलं की रक्तात उरलेले क्षारही पेशी ओढून घेतात आणि हृदयाची लय बिघडते. इतका लांबलेला उपास, तोही शुगरच्या माणसानं, डॉक्टरांच्या नजरेखालीच करायचा आणि सोडायचाही तसाच, रक्त तपासत, थोडं थोडं खात.

तू हे ऐकायला थांबला नाहीस. भरल्या घरात, पाहुण्यांसमोर तू अव्वाला म्हणालास, "तू पोळ्या खाऊ घातल्यास म्हणून अप्पा गेले." मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं, वीरेश. तिनं पदराआडून माझं मनगट असं दाबलं की वळ उठले.

मला काय बोलायचं होतं ते आता सांगते. राखीच्या दिवशी अप्पांनी मला मोबाईलवर त्या उपासवाल्या बाबाचा व्हिडिओ दाखवला होता. येईल-जाईल त्याला दाखवायचे. "माझ्या वीरेशनं पाठवलाय. पोरगं लांब हाय, पर बापाची काळजी हाय त्याला." अव्वा शेजारीच गवार मोडत बसलेली असायची. तिला सगळं माहीत होतं. तू तिला बोललास त्या दिवशी स्वयंपाकघरात ती मला म्हणाली, "त्याला सांगू नको. त्याला झेपायचं न्हाई. माझ्यावर राहू दे."

आणि तिनं ते स्वतःवर ठेवूनच घेतलं. इथं आल्यापासून नीट जेवली नाही. चहा घेते, ताट सारते, "भूक न्हाई" म्हणते. परवा न्हाणीत पडली. आता दवाखान्यात आहे, तिलाही रक्त तपासत चमच्या-चमच्यानं देतायत आणि ती तोंड फिरवते. काल म्हणाली, "माझ्या हातच्या घासानं माणूस गेलं, मला कशाला घास?" तुला झाकायला गप्प बसली होती, आता तिला ते खरंच वाटतंय. मी कितीही नाही म्हटलं तरी ऐकत नाही, कारण ते वाक्य माझं नव्हतं. तिला दिलेला शब्द मी आज मोडला, तो तुला दुखवायला नाही. व्हिडिओचं तिच्यापुढे काढू नकोस, रडूही नकोस. तू तो अप्पांच्या भल्यासाठीच पाठवला होतास हे तिला तुझ्याआधी कळलंय. फक्त मिळेल त्या गाडीनं ये, तिच्या उशाशी बस, "अव्वा, मी चुकीचं बोललो" एवढं म्हण आणि चमचा तुझ्या हातात घे.

वाट बघतेय,
तुझीच,
सुकन्याक्का