शिंप्याच्या स्वाधीन केलेली प्रार्थनेची वही

मी, खाली सही करणारा, वय चौपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, गोदामाचा व्यवस्थापक, येत्या सोमवारच्या हृदयशस्त्रक्रियेपूर्वी, पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवीत आहे. शुद्धीबाबत पत्नीची हरकत आहे. ती तोंडी असल्याने विचारात घेतलेली नाही.

१. राहते घर व त्यातील सर्व वस्तू पत्नीच्या. स्वयंपाकघरातील प्रत्येक डब्यावर मी चिकटवलेल्या नावाच्या पट्ट्या काढण्याची तिला आजपासूनच मुभा आहे.

२. माझी काळी छत्री धाकट्या भावास. त्याने ती सात वर्षांपूर्वीच नेली असल्याने वेगळा ताबा देण्याची गरज नाही.

३. वडील रोज सकाळी अडल्यानडल्यांसाठी प्रार्थना करीत. त्यांची नावे एका वहीत असत. ती मला देताना म्हणाले, "पुढे विश्वासाच्या माणसाकडेच दे हो." मी वहीला रकाने आखले, नावे अकारविल्हे लावली आणि तेवीस वर्षांत एकही सकाळ चुकवली नाही. याचा मला गर्व होता. तो गेल्या वर्षापर्यंत टिकला.

तळमजल्यावरील शिंप्याच्या आजारी पत्नीसाठी मी अकरा महिने प्रार्थना केली. मग जिन्यात त्याला गंभीर चेहऱ्याने विचारले, "वहिनींचं दुखणं कसं आहे आता?"

"साहेब, दहा महिने झाले तिला बरं होऊन! हा जिना रोज तीच झाडते. काल तुम्हीच तिला म्हणालात, 'जरा बाजूला व्हा.'"

माझे रकाने भरलेले होते. दार मात्र मी एकदाही ठोठावले नव्हते.

४. सबब ही वही मुलास देऊ नये. तो ती मोबाइलवर उतरवणार आहे. माझ्यावरच गेला आहे. वही शिंपी व वहिनी यांना संयुक्तपणे द्यावी. ती दोघे आधी आजाऱ्याच्या दारात जातात, देवाशी नंतर बोलतात. वडीलही तेच करीत. मला फक्त वही दिसली.

शिंप्याची अट : "घेतो, पण रकाने पाळणार नाही." मान्य केली. शस्त्रक्रियेचा अवघड भाग तिथेच उरकला.

५. आज सकाळी दोघांनी माझे दार ठोठावले. वही मी तेव्हाच त्यांच्या हाती दिली. वहीच्या पहिल्या पानावर, रकान्याबाहेर, वाकड्या अक्षरात माझे नाव आहे. ते तिथे अकारविल्हे बसत नाही. कोणीही दुरुस्त करू नये.

सही : (स्वहस्ते)

साक्षीदार : १. समोरच्या घरातील निवृत्त मुख्याध्यापिका. २. आमचे डॉक्टर (सही वाचता येत नाही, म्हणजे त्यांचीच).

ठिकाण : राहते घर, जेवणाचे टेबल. दिनांक : १४ मार्च.

लाभार्थी असल्याने सहीस अपात्र, तरीही सकाळपासून दारात बसलेले : शिंपी आणि वहिनी.