दादरची खाट

ठाणे, टेंभी नाका. डिसेंबर १९५२, शुक्रवार.

मोतीबिंदू काढायला मुंबईत आठवडाभर राहायचंय. उतरावं कुठे? गिरगावात खानावळीच्या वर खोली मिळते, पण दवाखाना दादरला. दादरलाच आमची लेक, कुसुम. दुपारी येऊन म्हणाली, "बाबा, आतल्या खोलीत तुमची खाट टाकलीय." मी सवयीने बोलून गेलो, "अगं, लेकीला मूल झाल्याशिवाय बापाने तिच्याकडे जेवू नये, तुझी आई म्हणायची." तिने पिशवी उचलली आणि निघाली. लग्नाला किती वर्षं झाली तिच्या. काय हे माझं तोंड.

कुसुम दादरला परतल्यापासून या रिकाम्या घरात ती खाटच डोळ्यांपुढे येते. जावयांनी पाळण्यासाठी हौसेने ठोकलेली कडी आहे ना, तिच्याच खाली असणार. जातो दादरलाच. जेवतोही. डोळ्यांवर पट्टी असेल, मला कडी दिसणार नाही.

तिला रोज दिसते.