पाण्यात तपासलेले डबे

प्रिय ताई,

मी आणून दिलेल्या त्या निळ्या झाकणांच्या चोवीस डब्यांबद्दल लिहितेय. मध्येच सोडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

आमच्या प्रयोगशाळेत डबा तपासताना त्यात अन्न नाही, नुसता द्रव भरतात. झाकण लावून उपडा ठेवायचा, चाळीस अंशांवर दहा दिवस, आणि प्लास्टिकमधून त्या द्रवात काय उतरलं ते मोजायचं. पाणीदार पदार्थांसाठी पाणी, तुपकट पदार्थांसाठी तेल. कारखान्याने अर्जात 'पाणीदार' लिहिलं होतं, म्हणून मी पाण्यात तपासले. जवळजवळ काहीच उतरलं नाही. उरलेले कोरे नमुने आमच्यात सगळेच घरी नेतात, ते मी तुझ्याकडे आणले. दाजी म्हणाले होते, "मेहुणीचं प्रेमसुद्धा मापूनमोजून, वर अहवालासकट!" आपण तिघंही हसलो होतो.

त्यात तू काय ठेवणार, हे मी विचारलं नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या अर्जातला तोच रकाना तपासते मी. पिल्लू वरचं खायला लागलं, तेव्हा तूच कौतुकाने सांगितलंस, की आठवड्याचं एकदम शिजवते, लोणी घालून मऊ करते, फ्रीजमधून काढलं की झाकणासकट गरम करते, "नाहीतर वेळ कुठे असतो गं!" तेव्हाही माझ्या डोक्यात काही वाजलं नाही.

मग दुसऱ्या एका कारखान्याने तेच झाकण तेलकट पदार्थांसाठी पाठवलं. साच्याचा क्रमांकही तोच. झाकणाच्या आत जी मऊ कड असते, तिला मऊ ठेवणारं रसायन तेलात सहज उतरतं. मर्यादेच्या साडेतीन पट निघालं. माझीच चूक निघावी म्हणून मी पुन्हा तपासलं, मग आणखी एकदा. आकडा हलला नाही. साहेबांपुढे जुना अहवाल ठेवला, तर म्हणाले, "अगं, पाण्याचं विचारलं, पाण्याचं सांगितलं. उगाच जिवाला लावून घेऊ नकोस." नियमाने त्यांचं बरोबर आहे.

बाळाला काय होईल, हे तू विचारशीलच. मर्यादा ओलांडली म्हणजे आजार होतोच असं नाही. होणार नाही, असंही मला म्हणता येत नाही. त्याच्या पोटात किती गेलं, ते आता कुठल्याच यंत्रावर कळणार नाही.

पहिला आकडा आला त्याला आज एकवीस दिवस झाले. खात्री करून सांगू, असं मी स्वतःला समजावत राहिले. तू त्याला दिवसातून दोनदा भरवतेस. म्हणजे बेचाळीस वेळा, मला माहीत असताना. काल तू फोनवर म्हणालीस, "पाळणाघरातल्या मावशींना पण वीस डबे दे ना, मी सांगून ठेवलंय, माझ्या बहिणीने स्वतः तपासलेत." आणि मी "बघते" म्हणाले. आज फोन केला असता तरी तेच म्हणाले असते, म्हणून लिहिलं. हे मी स्वतः तुमच्या दाराखालून सरकवून जाईन. बेल वाजवणार नाही, तुझ्यासमोर उभं राहणं मला जमणार नाही. माफी नंतर, तू बोलावलंस तर. आधी ऊठ आणि फ्रीजमध्ये भरून ठेवलेले सगळे डबे कचऱ्यात टाक.

तुझीच, अजून तरी,
धाकटी