लाल गाडीची ओटी

आर. के. पुरम, नवी दिल्ली
१४ ऑक्टोबर २००६

तीर्थस्वरूप ज्ञानोबामामांना उत्तराचा दिल्लीहून वाकून नमस्कार.

मामा, माणसानं खरं बोलायचं ठरवलं, तर आधी किती जणांची परवानगी घ्यावी? आपल्या घरातली मी पहिली पदवीधर, तेही राज्यशास्त्र घेऊन, तरी या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, हे आधीच कबूल करते. चार दिवस विचार केला. शेवटी उत्तर न सापडताच जे करायचं ते केलं. ते काय, हे पुढे येईलच.

तुमची कंबर कशी आहे? औशाच्या डेपोत अजून गाडीखाली सतरंजीशिवाय झोपता का? (मामींनी मला तसं कळवलं आहे, नाही म्हणू नका.) मामींचा खोकला गेला असेल अशी आशा करते. मी बरी आहे, म्हणजे शरीरानं. मनाला असा धक्का बसलाय की परवा चहात मीठ घातलं आणि पिऊनही टाकला. फोनवरच सांगणार होते, पण फोनवर तुम्ही फक्त 'हं' म्हणता, आणि या गोष्टीला एका 'हं'वर सोडणं मला परवडणार नाही.

आयएएसच्या अभ्यासासाठी मी ज्यांच्याकडे राहते ते श्रीरंगकाका आणि चंद्रप्रभाकाकू तुम्हाला ठाऊक आहेत. काका केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर, क्वार्टर दोन खोल्यांचं, आणि खाली ताडपत्रीत गुंडाळलेली स्कूटर, जिला काका रोज सकाळी पुसतात आणि रविवारी चालवतात. त्यांचा मुलगा प्रतीक नोएडाला एका कंपनीत आहे. ही कंपनी काय बनवते ते मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्यानं "सोल्यूशन्स" असं सांगितलं. तर या प्रतीकला एका बँकेनं फोन करकरून कर्ज दिलं (आपल्या आबांनी विहिरीसाठी किती चपला झिजवल्या ते आठवलं) आणि त्यानं दसऱ्याच्या मुहूर्तावर एक स्पोर्ट्स कार घेतली. रंग लाल. उंची माझ्या कमरेइतकी. घरात माणसं तीन, माझ्यासकट चार, आणि गाडीत जागा दोन. काकांनी गॅलरीतून एकदा खाली पाहिलं, "बाकीचं सामान नंतर येणार आहे का?" असं विचारलं आणि आत जाऊन पेपर उघडला. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण तिच्याशी पत्रव्यवहार अजून चालू आहे.

काकूंनी ठरवलं की पूजा साग्रसंगीत झाली पाहिजे, आणि ती उत्तरा करेल, कारण तिच्या मेकॅनिक मामांनी एसटीच्या शेकडो गाड्या पूजल्या आहेत. मामा, मला काय अभिमान वाटला! लहानपणी डेपोत तुमच्या मागे ताट धरून फिरायचे ते सगळं डोळ्यांपुढे आलं. हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, समोर नारळ, आणि शेवटी तुमची खास रीत: गाडीची ओटी. तुमचं वाक्यही जसंच्या तसं आठवलं, "बोनेटला कुंकू माणसांसाठी, ओटी मात्र इंजिनाच्या उबेला." म्हणून मी विश्वासानं पुढचं बोनेट उघडायला लावलं. आत इंजिन नव्हतं. मामा, आत काहीच नव्हतं! एक रिकामा खड्डा आणि त्यात एक छत्री. मी किंचाळले. इंजिन चोरीला गेलं असं वाटून शेजारच्या ब्लॉकमधली दोन माणसं धावत आली. प्रतीक फोनवर बोलत होता, त्यानं हातानंच खूण केली, इंजिन मागे असतं. मागे! माणसं बसतात त्याच्या मागे! आपल्याकडे इंजिनाच्या पाठीमागे माणसं बसतात, इथे माणसांच्या पाठीमागे इंजिन. हे मला अजूनही बरोबर वाटत नाही.

मागचं झाकण काही उघडेना. पण दाराच्या मागे, गुडघ्याच्या उंचीवर, गाडीच्या अंगातच एक सुरेख कोनाडा होता, आडव्या पट्ट्यांचा. हात घातला तर आतून ऊब येत होती. काकू म्हणाल्या, "बघ, तिनंच जागा करून ठेवलीय." मग काकू एकेक देत गेल्या आणि मी पट्ट्यांमधून आत सारत गेले: हिरवा खण, ओंजळभर तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक. प्रतीकनं फोन ठेवून विचारलं, "ये ओटी क्या होती है यार?" काकू म्हणाल्या, "तुला नाही कळायचं, तू गाडी चालव." (बिचाऱ्याला खरोखरच कळलं नाही, ते पुढे सगळ्यांना महागात पडलं.)

पहिल्या फेरीचा मान काकूंचा होता, पण एक पाय आत गेल्यावर दुसरा बाहेरच राहिला आणि मघाच्याच दोन माणसांना परत बोलवावं लागलं. काका बाहेर आलेच नाहीत. म्हणून मी बसले. यमुनेवरचा टोलचा पूल आम्ही असा ओलांडला की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं (वाऱ्यानं, आनंदानं नाही). नोएडाच्या बाजूला उतरलो, आणि समोरच्या काचेखाली एक लाल दिवा लागला. मग दुसरा. मग मागून दसऱ्याच्या होमासारखा धूर निघाला आणि गाडी नव्या रस्त्याच्या मधोमध, एका अर्धवट मॉलसमोर, बसली ती बसलीच. गांधीजयंतीही त्याच दिवशी असल्यानं सगळी दिल्ली सुट्टीवर होती आणि पाच मिनिटांत त्यातली निम्मी आमच्याभोवती जमली. लोकांना वाटलं शूटिंग आहे. प्रतीक माहितीपुस्तक काढून वाचू लागला. त्यात एकशे ऐंशी पानांवर गाणी कशी लावायची ते होतं आणि एका पानावर लिहिलं होतं की धूर आल्यास गाडीपासून दूर जावे. आम्ही दूर गेलो.

शेवटी एक म्हातारे ताऊ म्हशीची गाडी घेऊन आले. बारा लाखांची गाडी (आकडा काकूंसमोर बोलायचा नाही) त्यांनी चाऱ्याच्या दोरानं म्हशीमागे बांधली. मोबदला नको म्हणाले, फक्त एक अट घातली: "मैं इसमें बैठूँगा, छोरा उधर बैठेगा." तर नोएडातून आमची मिरवणूक अशी निघाली: पुढे म्हैस, तिच्या गाडीवर गवतात गॉगल लावलेला प्रतीक, आणि मागे लाल स्पोर्ट्स कारमध्ये स्टीअरिंगवर ताऊ, शेजारी मांडीवर अर्धा नारळ घेतलेली मी. ताऊंनी सबंध वाटेत एकच वाक्य काढलं, "बेटी, भैंस सही है."

शोरूमच्या वर्कशॉपला सुट्टी होती. तरी धीरज नावाचा मेकॅनिक आपल्या मोटरसायकलवर धावत आला. गाडी आमच्या ताब्यात द्यायच्या आधी त्यानंच ती तपासली होती. त्यानं मला पाणी दिलं, "मॅडम जी, घबराइए मत" म्हणाला, आणि बोलता बोलता कळलं की तो बिहारातल्या एका खेड्यातला, आयटीआय झालेला. त्यांच्या घरात शिकलेला तो पहिलाच. हे ऐकूनही, मामा, दुसऱ्या दिवशी मी काय केलं ते सांगायला हात जड होतो. काकांनी तक्रार लिहायला घेतली आणि मसुदा माझ्याकडे सोपवला, कारण मी उद्याची अधिकारी. मी ग्राहक संरक्षण कायदा नुकताच वाचला होता. मी तीन पानं लिहिली. 'अक्षम्य हलगर्जीपणा' असं लिहिलं. 'संबंधित कर्मचाऱ्याचे नाव धीरज' असंही लिहिलं, आणि ते अधोरेखित केलं. काका म्हणाले, "तीस वर्षांत माझा मसुदा लांबवणारी तूच पहिली." मी लाजले. लाजायचं खरं कारण पुढे होतं.

सात तारखेला उत्तर आलं. प्रतीकनं जेवताना मोठ्यानं वाचलं. कंपनीला खेद होता. इंजिनाच्या हवेच्या वाटेत 'पुसण्याचं एक हिरवं फडकं, जरीच्या काठाचं' अडकलेलं सापडलं होतं, त्यामुळे इंजिन गुदमरून तापलं. सोबत तांदळाचे दाणे. यावरून कंपनीनं असं ठरवलं की धीरज फडकं आत विसरला आणि शिवाय इंजिनावर डबा ठेवून जेवतो. त्याला शुक्रवारपासून कामावरून बंद केलं होतं. "सही किया!" प्रतीक म्हणाला. मी काकूंकडे पाहिलं. काकू वरणाकडे पाहत होत्या.

स्वयंपाकघरात त्यांनी माझा हात धरला. "अगं, खण माझा होता, म्हणून मीच सांगते, गप्प बस. मेकॅनिकला काय, दुसरीकडे लागेल नोकरी. मी दुसरा मुलगा कुठून आणू? आधीच म्हणतो, आई, तू गावठी आहेस." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मामा, या बाईंनी मला दोन वर्षं पोटच्या मुलीसारखं जेवू घातलं आहे. आणि तिकडे धीरज कुठल्या तरी खोलीत बसून आठवत असेल, की आपल्याकडे जरीच्या काठाचं फडकं आलं कधी. चार दिवस माझं पुस्तकात लक्ष लागलं नाही. खोटं बोलून साहेब झाले तर पुढे कोणाच्या अर्जावर 'सत्यप्रत' म्हणून सही करू?

गुरुवारी मी बसनं नोएडाला गेले आणि स्वतःविरुद्ध लेखी तक्रार दिली. पानं चार, म्हणजे पहिल्यापेक्षा एक जास्त. (खण काकूंचा हे लिहिलं नाही. आत कोंबणारा हात माझा होता, तेवढं पुरेसं आहे.) शोरूमच्या मॅनेजर विजयालक्ष्मी मॅडम मदुराईच्या. मला वाटलं हाकलून देतील. त्यांनी सगळं वाचलं, चष्मा काढला आणि एकच प्रश्न विचारला, "सुपारी भी डाला?" मी हो म्हटलं. त्यांनी कपाळाला हात लावला, बहुतेक त्यांच्या देवीलाच नमस्कार केला, आणि धीरजला फोन लावायला सांगितलं. तो काल सकाळी कामावर रुजू झाला.

घरची परिस्थिती अशी: काकू दोन दिवस बोललेल्या नाहीत, पण पोळ्या पूर्वीसारख्याच वाढतात, फक्त आपटून. काकांनी माझा कबुलीजबाब वाचून दोन स्वल्पविराम सुधारले. प्रतीक म्हणाला, "उत्तरा, तू आयएएस मत बन यार, देश बंद पडेल." यावर काकू फस्सकन हसल्या आणि पुन्हा गंभीर झाल्या. एवढ्या हसण्यावर मी सध्या इथे राहते आहे.

मामींना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद. कंबरेला जपा.

तुमची,
उत्तरा

ता. क. मॅडमनी विचारलं होतं की ओटी इंजिनाच्या उबेला भरावी हे मला शिकवलं कोणी. मी खरं बोलायचं ठरवूनच गेले होते. त्यामुळे तुमचं नाव, हुद्दा आणि डेपो त्यांच्या फाइलमध्ये आहे. रागावू नका.

ता. क. दुसरा. खण निघाला, पण हळकुंड आणि सुपारी अजून आतच आहेत, आणि पूजेमुळे झालेलं नुकसान कंपनीच्या हमीत बसत नाही. त्यांचा इंजिनिअर चेन्नईहून येणार डिसेंबरात. धीरज म्हणतो, एखादा जुना जाणकार शेजारी उभा राहिला तर तो इंजिन उघडेल. मॅडमची हरकत नाही. प्रतीकचीही नाही, त्याला रोज बसनं जावं लागतं. भाऊबीज आटोपली की निघा. सव्वीस तारखेचं सोलापूरहून कर्नाटक एक्स्प्रेसचं तिकीट सोबत जोडलं आहे, खालचा बर्थ, तुमच्या कंबरेसाठी. पाने-पकड तुमचेच आणा.

ता. क. तिसरा. रजा मागायला तुम्हाला संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. म्हणून तुमचा रजेचा अर्ज मी कालच तुमच्या डेपो मॅनेजरसाहेबांना रजिस्टरनं पाठवला. सही खोटी केली नाही, खाली 'अर्जदाराची भाची, बी. ए.' अशी माझीच केली. आणि कारणाच्या जागी जे घडलं ते सगळं, ओटीसकट, खरंखरं लिहिलं आहे.