सूनबाईंचं कार्ड

३ फेब्रुवारी, सोमवार

आलं! खोक्यातून, फोममधून, जपून जपून बाहेर काढलं सूनबाईंनी. आणि लागलं कुणाच्या मशीनमध्ये? त्यांच्याच.

अकरा वर्षं मी या ऑफिसात इमारतींची चित्रं काढतेय. इमारत उभी राहण्याआधी ती कशी दिसेल ते कॉम्प्युटरवर रंगवून दाखवायचं. नकाशे साहेबांचे, पण गिऱ्हाईक मान डोलावतं ते माझं चित्र बघून. आणि ही चित्रं ज्याच्या जिवावर निघतात ते ग्राफिक्स कार्ड माझ्या मशीनमध्ये सात वर्षांपूर्वी बसवलं, तेव्हाच ते सेकंडहँड होतं. चार जीबी मेमरी. एक पंखा घरघरतो, दुसरा त्याच्या मनात आलं तर फिरतो. दर वर्षी नवं मागते. दर वर्षी साहेब म्हणतात, "बघू."

साहेबांची सून ऑफिसात यायला लागून दोन महिने नाही झाले, तर यंदाचं, सोळा जीबीचं, खास व्यावसायिक कामासाठी बनवलेलं कार्ड हजर. "तिला तशा मशीनची सवय आहे," साहेब म्हणाले. मला कशाची सवय आहे? जी आहे ती त्यांनीच लावलीय.

४ फेब्रुवारी

डबा एकटीने खाल्ला.

६ फेब्रुवारी

दादाला फोन केला. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, त्याला यातलं सगळं कळतं. वाटलं, बहिणीच्या बाजूने दोन शब्द बोलेल. तो तर आधी त्या कार्डाचं मॉडेल विचारत बसला! मग म्हणाला, "अगं, तुझं जुनं कार्ड खेळांसाठी बनवलेलं. वीज भरपूर खातं, तापतं, पण पळतं. ते नवं कमी विजेवर चालणारं. नुसत्या वेगात फार मागे पडणार नाहीस."

"मग सोळा जीबी कशाला?"

"मोठं ओझं एकदम उचलायला. तुझं चार जीबी भरलं की आडवं होणार."

मी त्याला सांगितलं, माझं आडवं होत नाही. होऊ देत नाही मी. दिसणार नाही ते काढून टाकते, लांबच्या झाडांची पानं कमी करते, खुर्च्या चार ठेवते आणि बाकी नंतर चिकटवते. सात वर्षं हेच करतेय. ते कार्ड नाही चालत, मी चालवते. दादा म्हणाला, "ते खरंय." तेवढंच. भाऊ तो भाऊच.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज कळस झाला. उपचार केंद्राच्या कामाची बैठक होती. ते बांधून घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंना आतल्या खोल्यांची आणखी सहा चित्रं हवीत. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "ही सूनबाई करेल. ताईंचं मशीन आता हळू पडतं."

माझं मशीन! हे काम माझं आहे. गेल्या वर्षी पुढच्या व्हरांड्याचं चित्र मीच काढलं. डॉक्टरीणबाईंचे पेशंट म्हणजे अर्धांगवायूने हातपाय गेलेली माणसं. सकाळचा एक तास त्यांना उन्हात बसवून हातपाय हलवून घ्यायचे, ही बाईंची एकच अट होती. बाकी भिंती कुठेही घाला म्हणाल्या. माझ्या चित्रात त्या व्हरांड्यावर सकाळी नऊचं ऊन असं पसरलंय की बाई बघतच राहिल्या. "हेच हवंय मला," म्हणाल्या, आणि तिथल्या तिथे होकार दिला. त्या होकारावर आज पाया खणलाय. आणि मी हळू पडते!

मी काय कुणाचं घोडं मारलंय?

मीही सगळ्यांदेखत म्हटलं, "दोन्ही कार्डं लावून बघा. एकच फाईल, दोन मशीन, समोर घड्याळ." साहेब हसले. सूनबाई म्हणाल्या, "चालेल की, ताई." चालेल की! जणू मी त्यांच्याकडून पेन मागितलं.

१२ फेब्रुवारी

व्हरांड्याचीच फाईल घेतली. माझी नेहमीची, हलकी केलेली.

माझं जुनं: एकेचाळीस मिनिटं. त्यांचं नवं: अडतीस.

तीन मिनिटं! एवढ्यासाठी एवढा गाजावाजा! साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी चहा घ्यायला गेले, जरा सावकाश.

१३ फेब्रुवारी

सूनबाईंना काल झोप आली नसावी. सकाळीच म्हणाल्या, "ताई, ती हलकी केलेली फाईल तुमच्या कार्डाच्या मापाची आहे. मूळ फाईल देता का? काहीही न काढलेली?"

राग आला. पण नाही म्हटलं असतं तर घाबरले असं झालं असतं. गेल्या वर्षीची, हात न लावलेली मूळ फाईल शोधून दिली.

माझ्या मशीनने चौथ्या मिनिटाला मान टाकली. मेमरी संपली म्हणाला पडदा, आणि बंद. त्यांचं एक तास दहा मिनिटं चालत राहिलं. चूं नाही की चां नाही. पंखासुद्धा ऐकू येत नव्हता. मला ते चित्र पुरं व्हायला नको होतं, हे इथे लिहायला हरकत नाही.

पण पुरं झालं आणि काय! व्हरांडा काळाकुट्ट! ऊन नाहीच. तोच कोन, तीच सकाळची नऊची वेळ, आणि सगळ्या व्हरांड्यावर संध्याकाळसारखा अंधार. मी खुर्चीवरून उठलेच. "हे बघा तुमचं व्यावसायिक कार्ड! साधं ऊन काढता येत नाही!"

सूनबाई पडद्याजवळ सरकल्या. "कार्ड असं चुकत नाही, ताई. फाईलमध्ये काहीतरी असेल. मी उघडून बघू का?"

"माझ्या फाईलला हात लावायचा नाही," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच. चढू दे. दोन महिने झालेल्या माणसाने अकरा वर्षांच्या हातात चूक शोधायची म्हणजे काय!

१४ फेब्रुवारी

दादा फोनवर म्हणतो, "कार्ड स्वतःच्या मनाने सावली काढत नाही गं. फाईलमध्ये एकदा बघ तरी." त्याला म्हटलं, तू दुकान सांभाळ.

१७ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून पाहिली. एक उन्हाचं, एक अंधारलेलं. मग मला विचारलं, "ताई, तुम्हाला काय वाटतं?" किती दिवसांनी विचारलं असं! मी म्हटलं, "जे सात वर्षं चुकलं नाही त्यावर विश्वास ठेवा." सूनबाई काहीतरी बोलायला गेल्या. साहेबांनी हातानेच थांबवलं.

निकाल: कार्ड दुकानात परत. पंधरा दिवसांच्या आत घेतात ते, उद्या शेवटचा दिवस. सहा चित्रं माझ्याकडे. सूनबाई नगरपालिकेच्या मंजुरीचे कागद बघतील. ते काम ऑफिसात कुणालाच नको असतं.

त्यांनी कार्ड स्वतःच काढलं, फोममध्ये ठेवलं, खोकं बंद केलं. नाकाचा शेंडा लाल. मला वाटलं होतं फार बरं वाटेल. वाटलंही. दुपारपर्यंत.

१८ फेब्रुवारी

कार्ड गेलं. घरघरणारा पंखा आज गाण्यासारखा वाटला. सहातलं पहिलं चित्र सुरू केलं.

संध्याकाळी सूनबाई जाताना "येते, ताई" म्हणाल्या. रोजच्यासारख्याच. मी मान हलवली. एवढं सगळं होऊन वर साधेपणाचा आव! त्याचाच जास्त संताप येतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

उद्या व्हरांड्याच्या खांबांचं काँक्रीट. साहेब म्हणाले, "सकाळी नऊला जाऊन दोन फोटो काढून आणा, डॉक्टरीणबाईंना पाठवू. तुमच्या उन्हाचे." तुमच्या उन्हाचे, असं म्हणाले. आज जेवण गोड लागलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

नऊला प्लॉटवर होते. ऊन नव्हतं. शेजारच्या प्लॉटवर सहा मजले चढलेत आणि त्यांची सावली व्हरांड्याच्या एकूण एक खड्ड्यावर. मजूर स्वेटर घालून काम करत होते.

गेल्या वर्षी तिथे नुसतं पत्र्याचं कुंपण होतं. पण शेजारच्या बिल्डरने त्याच्या इमारतीचं अख्खं मॉडेल पाठवलं होतं, खिडक्यांच्या कड्यांसकट. मीच ते फाईलमध्ये बसवलं होतं. चित्रात ते कॅमेऱ्याच्या पाठीमागे पडत होतं, आणि चार जीबीत मावेना, म्हणून काढलं. सावलीपुरता एक साधा ठोकळा त्या जागी ठेवायचा असतो. नेहमी ठेवते. त्या दिवशी राहिला. मूळ फाईलमध्ये मात्र ती इमारत तशीच होती.

साहेबांना तिथूनच फोन केला. काँक्रीट थांबवा म्हटलं. का, ते सांगितलं. ते म्हणाले, "डॉक्टरीणबाईंना मी सांगतो. तिला तुम्हीच सांगा."

ती समोर बसलीय. मंजुरीचे कागद लावतेय. अर्धा तास झाला, मला उठवत नाही.