कन्सोलपुढची खुर्ची

बाबा, कचेरीतला तो खोलीभर पसरलेला कॉम्प्युटर आपण चालवतो, असं तुम्ही नेहमी सांगायचात. नल्लकुंट्याच्या घरात पोळपाट पुढ्यात ओढून त्यावर बटणं कशी दाबायची ते मला दाखवायचात, आणि परातीत भाकरी थापता थापता आई हसू दाबायची. मला तिचा रागच यायचा.

आता कुकटपल्लीत माझी छोटी कार्यशाळा आहे. मी प्रतिकृती बनवते. राज्याची दोन राज्यं झाली तेव्हा कचेऱ्यांच्या कपाटा-खुर्च्यांपासून सगळ्याची वाटणी झाली आणि तुमचं यंत्र पलीकडच्या राज्याच्या वाट्याला गेलं. इथल्या संग्रहालयासाठी त्याची प्रतिकृती करायचं काम माझ्याकडे आलं. मी जीव ओतला, बाबा. टेपची चक्रं शर्टाच्या गुंड्यांची केली, टेपा ने-आण करायची ढकलगाडीही केली. कन्सोलपुढच्या, म्हणजे बटणांच्या टेबलापुढच्या खुर्चीत बोटाएवढ्या तुम्हाला बसवलं, पांढरा बुशशर्ट, तेल लावून मागे वळवलेले केस.

उद्घाटनाला तुमच्या कचेरीतल्या एक निवृत्त बाई आल्या होत्या. काचेवर वाकून बराच वेळ बघत राहिल्या. "हूबहू है. पन ये कुर्सी पे तो मैं बैठती थी. ये कौन?"

मी तुमचं नाव सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अरे, उनो! उनो तो गाडी पे टेपां लाते थे. भोत शरीफ आदमी. मेरा बच्चा बीमार था तो दवाखाने कू साथ आए, किसी कू बोले नै. तुम उनकी बेटी?"

मागे संग्रहालयाचे साहेब उभे, शेजारी पेपरवाले. मी म्हणाले, "नै मॅडम, वो कोई और होंगे. मेरे पिताजी ऑपरेटर थे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझी जिवणी थेट तुमची आहे, सगळेच म्हणतात. "होंगे, अम्मा," एवढंच बोलून त्या चष्मा पुसत बाजूला झाल्या.

तुमच्या कामाची मला लाज वाटली नाही, असं लिहिणार होते. पण खोटं कशाला? त्या क्षणी कामाचीच वाटली. स्वतःची वाटायला लागली ती घरी आल्यावर, पाणी प्यायला ग्लास उचलला तेव्हा. तुम्ही खोटं बोललात ते लेकीच्या डोळ्यांत मोठं दिसावं म्हणून. मी कुणासाठी बोलले?

संग्रहालयाच्या सुट्टीच्या दिवशी मी काच उघडून घेतली. खुर्चीतून उठवताना तुमच्या पॅन्टचा रंग थोडा खरवडला. तुम्हाला टेपच्या ढकलगाडीमागे उभं केलं आणि खुर्चीत साडीतली बाई बसवली. साहेबांनी कारण विचारलं. "चूक झाली होती," मी म्हणाले. कुणाची, ते सांगितलं नाही.

साहेबांकडून त्या बाईंचा नंबर मागून घेतलाय. दोनदा लावला. पलीकडून "हल्लो, कौन?" येतं, आणि "मी त्यांचीच मुलगी" एवढं अजून माझ्या तोंडून निघालेलं नाही.